१ व्होल्टची रेल मीटरवर ठणठणीत, तरी एफपीजीएचं उत्तर चुकतं

सोल्डरचा_धूर · मंगळवार, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. तीन आठवडे झाले, एका कार्डाने झोप उडवली आहे. पोस्ट लांब आहे, कारण मागच्या वेळी "माहिती अर्धवट देतोस" म्हणून इथेच बोलणी खाल्ली होती.

भोसरीत एका छोट्या कंपनीत आहे, हार्डवेअरला मी एकटाच. प्रेशर व्हेसलवर दाब चढवला की पत्र्यातली बारीक चीर सरकताना अल्ट्रासाउंड निघतो, साधारण शंभर ते चारशे किलोहर्ट्झच्या पट्ट्यात. तो सेन्सरने पकडायचा आणि चीर कुठे आहे ते काढायचं, असं ८ चॅनेलचं कार्ड आहे. गणित करणारी चिप आर्टिक्स-७ चा १००टी, म्हणजे आतलं सर्किट आपणच कोडने ठरवायचं अशी एफपीजीए; पोटाखाली सोल्डरचे २५६ बॉल (बीजीए), १ मिमी अंतराने. बोर्ड चार लेयरचा, १.६ मिमी: वर सिग्नल, त्याखाली ग्राउंड, मग पॉवर, तळाला परत सिग्नल.

चिपच्या कोअरला, म्हणजे आतल्या लॉजिकला, १.० व्होल्टची रेल (सप्लाय लाइन) लागते. त्यासाठी १२ व्होल्टवरून उतरवून देणारा, ६०० किलोहर्ट्झचा, ३ अँपिअरचा बक कन्व्हर्टर. बक, त्याचा इंडक्टर, २२ मायक्रोफॅरडचे दोन सिरॅमिक कपॅसिटर आणि ३३० मायक्रोचा एक पॉलिमर, ही सगळी मंडळी बोर्डाच्या डाव्या कोपऱ्यात. उजवीकडे ॲनालॉग आहे, त्याच्या शेजारी बक नको होता. तिथून एफपीजीएपर्यंत पॉवर लेयरवर ४० मिमी लांब, २० मिमी रुंद पट्टा. एफपीजीएच्या भोवती ०.१ मायक्रोचे १५ कपॅसिटर, ०४०२ साइझचे (जेमतेम १ मिमी लांब), सगळे वरच्याच बाजूला. खाली एकही पार्ट नाही. दोन्ही बाजूंची असेंब्ली म्हटलं की साहेबांचं तोंड वाकडं होतं.

वर्षभर कार्ड १ एमएसपीएसला (सेकंदाला दहा लाख सॅम्पल) चाललं, एक तक्रार नाही. आता ग्राहकाला जास्त सॅम्पलिंग हवं म्हणून २.३८ वर नेलं. आकडा विचित्र वाटेल, पण तो १०० मेगाहर्ट्झच्या क्लॉकला ४२ ने भागून आलाय. तेव्हापासून फिल्टरच्या उत्तरात तासाला दोन-तीनदा एखादा बिट उलटा येतो. दुपारी शेडचा पत्रा तापला की जास्त.

टायमिंग रिपोर्ट (लॉजिक क्लॉकच्या वेळेत पुरं होतं का, ते सांगणारा) स्वच्छ. मल्टिमीटरवर रेल १.००२. चिपच्या आतला, व्होल्टेज मोजणारा एक्सएडीसी ०.९९१ दाखवतो, हलत नाही. डेटाशीटची हद्द ०.९५ ते १.०५, म्हणजे मी जवळपास मधोमध. स्कोपवर १८० मिलिव्होल्टचं गवत (नॉइज) दिसतं, पण प्रोबचं टोक त्याच्याच ग्राउंड क्लिपला टेकवलं तरी तेवढंच गवत दिसतं, म्हणून त्याकडे दुर्लक्ष केलं.

साहेब म्हणतात कोड बघा, कोडवाला म्हणतो बोर्ड बघा. त्यात निम्मा कोड माझाच. प्रश्न दोन: ०.१ चे आणखी लावू का, आणि लावले तर कुठे? आणि नवीन बोर्ड काढायची वेळ आली तर सहा लेयर मागताना साहेबांना काय कारण सांगू?

---

गजर_५५५ · बुधवार, रात्री १२:२१

सोपं आहे. प्रत्येक पॉवर पिनला एक ०.१, त्याच्या शेजारी एक ०.०१, त्याच्या शेजारी एक ०.००१. प्रत्येक जण आपापली फ्रिक्वेन्सी सांभाळतो. आणि बकच्या आउटपुटला एक फेराइट बीड टाका, बकची घाण पुढे जाणार नाही. मी कॉलेजपासून हेच करतोय, लॅमिंग्टन रोडवरून '१०४' ची (म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडची) अख्खी पाकिटं आणून ठेवतो. आजवर अडलं नाही.

---

अर्थिंग_काका · बुधवार, सकाळी ६:४४

सोल्डर, पोस्ट नीट लिहिलीस, म्हणून चहा गार झाला तरी चालेल, सविस्तर लिहितो.

आधी ५५५ चं बघू. बाबा रे, या रेलला बीड लावायला सांगू नकोस कोणाला. बीडचा डीसी रेझिस्टन्स ५० मिलिओहम धरला तरी दीड अँपिअरला ७५ मिलिव्होल्ट तिथेच खर्ची पडले. आणि या बिचाऱ्याची एकूण हद्दच खाली ५० मिलिव्होल्टची आहे. शिवाय कपॅसिटरांचा साठा आणि चिप यांच्या मध्ये आणखी एक इंडक्टर घालून बसशील, आणि दुखणं नेमकं तेच आहे. पीएलएलसारख्या (क्लॉक बनवणारं सर्किट) थोडक्या करंटच्या, नाजूक रेलला बीड ठीक. कोअरला नाही.

०.०१ आणि ०.००१ ची जुनी रीत मीही पाळायचो. ५ व्होल्टच्या काळात चालून गेली, कारण ५ टक्के म्हणजे २५० मिलिव्होल्ट, त्यात काहीही खपायचं. पण लक्षात घे, ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या वर प्रत्येक कपॅसिटर हा कपॅसिटर राहतच नाही, इंडक्टर होतो. किती मोठा इंडक्टर, हे त्याच्या मायक्रोफॅरडवर ठरत नाही. ठरतं ते त्याच्या अंगाच्या लांबीवर, पॅडपासून व्हायापर्यंतच्या (लेयर जोडणाऱ्या भोकापर्यंतच्या) ट्रेसवर आणि व्हाया किती खोल जातो त्यावर. ०४०२ चा ०.१ आणि ०४०२ चा ४.७ एकाच पॅडवर बसवलेस, तर वरच्या फ्रिक्वेन्सीला दोघे सारखेच वागतात. खालच्या फ्रिक्वेन्सीला मात्र ४.७ वाला ४७ पट कामाचा. मग ०.१ लावून फायदा कुठला? पूर्वी ४.७ मायक्रो एवढ्याशा अंगात मिळत नव्हता, एवढंच. या चिपच्या कंपनीच्या बोर्ड-डिझाइन मार्गदर्शिकेतली यादी बघ. त्यात सगळ्यात लहान व्हॅल्यू ०.४७ मायक्रो आहे. ०.०१ चं तिथे नावही नाही.

आता हिशेब. रेलची किती घसरण परवडते आणि करंट किती उडी मारतो, याचा भागाकार काढला की चिपच्या पायाशी इम्पीडन्स (बदलत्या करंटला होणारा विरोध) किती असायला हवा ते कळतं. १९९९ साली सन मायक्रोसिस्टिम्सच्या लॅरी स्मिथ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत नीट मांडली. त्याआधी आम्ही 'प्रत्येक आयसीला एक' या श्रद्धेवर बोर्ड काढायचो. तुझ्या ५० मिलिव्होल्टमधले २० बकच्या अचूकतेला आणि पट्ट्यातल्या ड्रॉपला सोडून दे. उरले ३०. सगळं बंद असताना एकदम सगळं चालू झालं तर दीड अँपिअरची उडी धर. ३० भागिले १.५, म्हणजे २० मिलिओहम. डीसीपासून निदान चाळीस-पन्नास मेगाहर्ट्झपर्यंत या रेषेच्या खाली राहायचं.

तू राहतोस का? पट्टा ४० बाय २०, म्हणजे दोन चौकोन. तुझ्या बोर्डात पॉवर आणि ग्राउंड यांच्या मध्ये जाड कोअर (बोर्डाचा इन्सुलेटर, चिपचा कोअर नव्हे) आहे, चार लेयरच्या १.६ मिमी बोर्डात तो १.२ मिमीच्या आसपास असतो. दोन प्लेनमधला इंडक्टन्स काढायला फार पुस्तकं लागत नाहीत: मिमीमधलं अंतर गुणिले १.२५, इतके नॅनोहेन्री दर चौकोनाला. म्हणजे चौकोनाला दीड, दोन चौकोनांना ३ नॅनोहेन्री. त्या टोकाला तुझा सगळा मोठा साठा, या टोकाला १५ गुणिले ०.१, म्हणजे दीड मायक्रो.

३ नॅनोहेन्री आणि १.५ मायक्रोफॅरड यांचा रेझोनन्स काढला. २.३७ मेगाहर्ट्झ आला. तुझं सॅम्पलिंग २.३८. चष्मा पुसून परत एकदा काढला, तेवढाच.

लोक इथे पाण्याच्या टाकीची उपमा देतात: मोठी टाकी लांब, छोटी टाकी जवळ, वगैरे. ती मला पुरत नाही, कारण टाकी डुलत नाही. तुझी रेल डुलते. २.३७ ला कोपऱ्यातला साठा पट्ट्यामुळे इंडक्टरसारखा वागतो, एफपीजीएजवळचे ०.१ वाले अजून कपॅसिटरच असतात, आणि दोघे मिळून एकमेकांत ऊर्जा ढकलत बसतात. झोपाळाच. त्याला दर फेरीला नेमक्या वेळी तुझा फिल्टर धक्का देतोय. आकड्यात: ३ नॅनो भागिले १.५ मायक्रो, त्याचं वर्गमूळ ४५ मिलिओहम. वाटेतला रेझिस्टन्स १२ मिलिओहम धरला तर शिखर १६५ मिलिओहमच्या घरात जातं. तुझ्या रेषेच्या आठपट. १ एमएसपीएसला धक्के चुकीच्या वेळी पडत होते, म्हणून वर्षभर निभावलं.

मीटर सरासरी दाखवतो. एक्सएडीसी सेकंदाला फार तर दहा लाख सॅम्पल घेतो, त्यातही तू बहुधा सरासरी लावून वाचत असशील. दोघे खोटं बोलत नाहीत, तू विचारलेल्याच प्रश्नाचं उत्तर देतात.

स्कोपचं मात्र तू अर्धंच केलंस. टोक ग्राउंडला लावून गवत ओळखलंस, शाबास. पण मग गवत कापायचं होतं, शेत सोडून यायचं नव्हतं. दहा पटीचा प्रोब आणि वीतभर ग्राउंड वायर घरी ठेव. एफपीजीएजवळचा एक ०.१ काढ, त्याच्या पॅडवर बारीक कोॲक्स थेट सोल्डर कर, स्कोपचा इनपुट ५० ओहमला ठेव. १ व्होल्टला २० मिलिअँपिअर जातील, काही बिघडत नाही. स्कोपला ५० ओहम नसेल तर टी लावून टर्मिनेटर बसव. मग सांग काय दिसतं.

---

गजर_५५५ · बुधवार, सकाळी ९:१०

काका, पंधरा वर्षांची रीत सकाळी पावणेसातला मोडीत काढलीत. पण ०.१, ०.०१, ०.००१ एकत्र लावल्याने नुकसान तर नाही ना?

---

अर्थिंग_काका · बुधवार, सकाळी ९:३५

होऊ शकतं. मोठा इंडक्टर झालेला असतो तेव्हा छोटा अजून कपॅसिटर असतो, म्हणजे दर जोडीमागे एक नवा झोपाळा. त्यातला एखादा कोणाच्या तरी क्लॉकवर येऊन बसतो. एकाच व्हॅल्यूचे पुष्कळ, हे तीन व्हॅल्यूंच्या थोड्या-थोड्यांपेक्षा बरं, निदान तुमच्या-आमच्या बोर्डांवर.

---

बिटवाली · बुधवार, दुपारी १:०५

मी फर्मवेअरकडची, कपॅसिटरमध्ये माझी मतं कोणी विचारत नाही. पण एक विचारते: ४२ क्लॉकपैकी फिल्टर किती क्लॉक काम करतो? आणि आठही चॅनेल एकाच क्लॉकला सुरू होतात का?

---

सोल्डरचा_धूर · बुधवार, दुपारी १:४०

४१ टॅपचा (गुणकांचा) सिमेट्रिक फिल्टर आहे, दोन्हीकडचे गुणक सारखेच, त्यामुळे गुणाकार २१ च. म्हणजे २१ क्लॉक काम, २१ क्लॉक आराम. ८ चॅनेल, प्रत्येकाला १६ बँड, एकूण १२८ फिल्टर. आणि हो, सगळे एकदम सुरू होतात, एकदम थांबतात. लिहिताना सुटसुटीत वाटलं होतं. आता टाइप करताना पोटात गोळा आला.

---

बिटवाली · बुधवार, दुपारी १:५२

कवायतीचे पाय पुलावर पडतात तसं चाललंय तुमचं. चार चॅनेल २१ क्लॉक उशिरा सुरू करा. निम्मे काम करतील तेव्हा निम्मे आराम करतील, बेरीज सपाट. वीस मिनिटांचं काम आहे. सॅम्पल सगळ्या चॅनेलचे एकाच क्षणी घ्या, फक्त गणित उशिरा करा, म्हणजे चीर शोधायला जे वेळेचे फरक लागतात ते बिघडणार नाहीत. चुका थांबल्या तर काकांचं निदान खरं. थांबल्या नाहीत तर सोल्डरिंग गन उचलायच्या आधीच कळेल.

---

सोल्डरचा_धूर · शुक्रवार, रात्री १०:१५

आधी काकांचं केलं. कोॲक्स लावताना पहिला पॅड उपटला गेला, दुसऱ्यावर जमलं. ५० ओहम. गवत गायब. त्याच्या जागी चक्क एक गुळगुळीत लाट, २.३८ मेगाहर्ट्झ, १०५ मिलिव्होल्ट शिखर ते दरी. मी स्कोपसमोर दोन मिनिटं नुसता बसून राहिलो. चिपच्या आतलं वाचन ०.९९१, त्यातून निम्मी लाट, ५२ मिलिव्होल्ट, वजा केली की ०.९३९. आणि टायमिंग रिपोर्ट तर ०.९५ पर्यंतचीच हमी देतो. तापलं की लॉजिक आणखी सुस्त, म्हणून दुपारी जास्त चुका.

मग बिटवालीताईंचं. चार चॅनेल २१ क्लॉक मागे. लाट १०५ वरून १४ वर. कार्ड गुरुवारी रात्रभर चालू ठेवलं, सकाळी चुका शून्य.

मग उत्साहात एक जास्तीचं केलं. सगळे फिल्टर परत एकत्र जोडले आणि ४२ च्या जागी वेगवेगळे आकडे घालत गेलो, अर्धा वेळ काम, अर्धा आराम. १०० ला लाट ३० मिलिव्होल्टच्या आत. ५० ला ६५. ४३ ला १०८, हे सगळ्यात उंच. ४२ ला १०५. ३६ ला परत ६८. वहीत आलेख काढला, शाळेतल्या रेझोनन्सच्या चित्रासारखा डोंगर तयार झाला. ४३ म्हणजे २.३३ मेगाहर्ट्झ, काकांचा कागदावरचा आकडा २.३७. बोर्ड न मोजता, नुसत्या पट्ट्याच्या लांबी-रुंदीवरून!

आता पुढे काय? नुसत्या फर्मवेअरवर सोडून देऊ का? साहेब तर खूश आहेत, "फुकटात झालं" म्हणाले.

---

अर्थिंग_काका · शनिवार, सकाळी ७:०२

एफपीजीएलाच सिग्नल जनरेटर केलंस, हे मला सुचायला हवं होतं. माझ्याकडे नॅनो-व्हीएनए (फ्रिक्वेन्सीनुसार इम्पीडन्स मोजता येणारं छोटं यंत्र) आहे म्हणून डोकं तिकडेच जातं. कोणाला त्याने मोजायचं असेल तर: दोन केबल, कपॅसिटरच्या पॅडवर दोन्ही समांतर, एस-टू-वन (एका केबलमधून दुसरीत किती सिग्नल पोचतो) बघायचा. २५ ओहम गुणिले एस-टू-वन म्हणजे साधारण इम्पीडन्स. १५० मिलिओहमचा डोंगर उणे ४४ डीबीच्या आसपास दिसतो, २० मिलिओहमची रेषा उणे ६२ वर. खालच्या फ्रिक्वेन्सीला केबलच्या शील्डचाच रेझिस्टन्स मध्ये लुडबुडतो, म्हणून एका केबलला फेराइटच्या रिंगमधून पाच-सहा वेढे द्यायचे. रेलवर व्होल्टेज असेल तर मध्ये डीसी ब्लॉक हवाच, नाहीतर यंत्र जाईल.

फर्मवेअरवर सोडू नकोस. बिटवालीने झोपाळ्याला धक्का द्यायचं थांबवलं, झोपाळा आहे तिथेच आहे. उद्या कोणी सातवं चॅनेल बंद करून ठेवलं की बेरीज परत असमान. दोन्ही कर.

बोर्ड न बदलता करायचं काम: ०.१ चे पंधराच्या पंधरा काढ आणि त्याच पॅडवर ४.७ मायक्रो बसव, ०४०२, एक्स५आर, ६.३ व्होल्ट. मघाचाच हिशेब परत लाव. डीसी बायस (व्होल्टेज लावल्यावर सिरॅमिकचा घटणारा कपॅसिटन्स) आणि टॉलरन्सचं कापून ५५ मायक्रो हाती लागतील. ३ नॅनोहेन्री भागिले ५५ मायक्रो, वर्गमूळ ७ मिलिओहमच्या आसपास. झोपाळा ४०० किलोहर्ट्झच्या खाली सरकतो आणि २० च्या रेषेला हातसुद्धा लावत नाही.

दोन गोष्टी तपास. एक, बकच्या आउटपुटला साठा वाढवला की त्याच्या कंट्रोल लूपवर परिणाम होतो. तुझ्याकडे आधीच ३७४ मायक्रो आहेत, त्यात ५५ ची भर म्हणजे १५ टक्के, बहुधा पचेल. पण सगळे फिल्टर एकदम बंद, एकदम चालू असा लोड दे आणि रेल एकदा दबून गुपचूप वर येते की तीन-चारदा हेलकावते ते बघ. हेलकावली तर कम्पेन्सेशनला हात घालावा लागेल.

दोन, बकच्या इनपुटला काय लावलंयस? डीसी बायसचं भूत १ व्होल्टच्या रेलवर दिसत नाही, तिथे ६.३ वाल्याला फारसं ओझं नाही. पण १२ व्होल्टच्या इनपुटवर ०८०५ चा १० मायक्रो, २५ व्होल्टचा लावला असशील तर हातात अर्ध्याहून कमी उरतात. पाकिटावर १० लिहिलेलं शून्य व्होल्टचं असतं. कंपनीच्या साइटवर त्या नेमक्या पार्ट नंबरचा बायसचा आलेख मिळतो, तो बघितल्याशिवाय सिरॅमिक निवडायचा नाही.

---

बिटवाली · शनिवार, सकाळी १०:२०

माझी कवायत आणि काकांचा झोपाळा यात मी हरले हे मान्य. सातव्या चॅनेलचं खरंच डोक्यात नव्हतं.

---

सोल्डरचा_धूर · मंगळवार, रात्री ९:३०

रविवारी सुट्टीच्या दिवशी कंपनीत जाऊन केलं. ४.७ चे नग पासोड्या विठोबाजवळच्या दुकानात मिळतील असं वाटलं होतं, तिथे ०४०२ म्हटल्यावर दुकानदाराने मी मोहरी मागितल्यासारखं बघितलं. शेवटी शनिवारी एका ओळखीच्या असेंब्लीवाल्याकडून पट्टीतले वीस कापून आणले. हॉट एअर, चिमटा, भिंग. एक नग हवेने उडाला तो अजून सापडलेला नाही. तीन तासांत १४ बसले. उपटलेल्या पॅडच्या जागी काही बसणार नव्हतं, तिथे व्हायाचा मास्क खरवडून एक आडवा चिकटवला, दिसायला भयंकर आहे.

बिटवालीताईंची शिफ्ट काढून टाकली, मुद्दाम सगळे फिल्टर एकत्र, ४२ वरच. लाट १८ मिलिव्होल्ट, आणि त्यातही मोठा भाग बकच्या ६०० किलोहर्ट्झचा आहे, २.३८ शोधावं लागतं. लोडची उडी दिली, रेल एकदा दबून सरळ वर आली, हेलकावे नाहीत. मग शिफ्ट परत चालू केली आणि कार्ड रविवार संध्याकाळपासून शेडमध्ये पत्र्याखाली ठेवलंय. आत्तापर्यंत पन्नास तास, चूक एकही नाही.

इनपुटचं काका तुमचं बरोबर. १० मायक्रो, २५ व्होल्ट, ०८०५, दोन नग. आलेख बघितला, १२ व्होल्टला दोघे मिळून एकाचं काम करत नाहीत. तक्रार नव्हती म्हणून कधी बघितलंच नव्हतं.

आता माझा दुसरा प्रश्न राहिला. नवीन बोर्डाला सहा लेयर कोणत्या तोंडाने मागू? फुकटात झालं हे साहेबांनी आता ग्राहकालाही सांगून टाकलंय.

---

अर्थिंग_काका · बुधवार, सकाळी ६:५०

मागू नकोस. चारमध्ये होतं.

तुझ्या पॉवर लेयरचं ग्राउंड करून टाक, म्हणजे मधले दोन्ही लेयर ग्राउंड, आणि दोघांना जागोजागी व्हायांनी टाकून शिव. १ व्होल्टचा पट्टा तळाच्या लेयरवर घे. तिथून वरच्या ग्राउंडपर्यंत फक्त ०.२ मिमी प्रीप्रेग (लेयर चिकटवणारा पातळ इन्सुलेटर). चौकोनाला दीडच्या जागी पाव नॅनोहेन्री, त्याच पैशात. १.८ आणि ३.३ च्या रेल जमतील तशा तळाला किंवा वर तुकड्या-तुकड्यांनी टाक, त्यांचा करंट थोडा आहे. तळाच्या सिग्नलांना गल्लीबोळातून जावं लागेल, जाऊ दे. जमलं तर बकही १५-२० मिमी जवळ आण. ॲनालॉगला त्रास बकच्या नुसत्या जवळपणाचा नसतो, त्याच्या स्विचिंग लूपच्या आकाराचा असतो. इनपुटचा कपॅसिटर आयसीला चिकटवलास तर तो मुठीत मावतो.

पैसे मागायचेच तर खालच्या बाजूच्या असेंब्लीचे माग. आत्ता तुझे कपॅसिटर चिपच्या बाहेर उभे आहेत, मधल्या बॉलपर्यंत करंटला वळसा घालून जावं लागतं. तेच बीजीएच्या बरोब्बर पोटाखाली घे. पॅडला व्हाया चिकटून, पॉवरचा आणि ग्राउंडचा एकमेकांच्या जितक्या जवळ जमेल तितके. १ मिमी अंतरावरच्या व्हायाच्या जोडीला दर मिमी खोलीमागे पाऊण नॅनोहेन्री लागतो. तुझ्या तळाच्या कपॅसिटरला ग्राउंड ०.२ मिमीवरच भेटतंय, म्हणजे जवळपास काहीच नाही. पॅडपासून व्हायापर्यंत ३ मिमी ट्रेस काढलास तर मात्र एका नॅनोहेन्रीवर पाणी सोडलंस, मग सगळी मेहनत वाया.

नग किती, तर ५० मेगाहर्ट्झला २० मिलिओहम म्हणजे ६४ पिकोहेन्री. बसवलेल्या एका कपॅसिटरचा १ नॅनोहेन्री धरला तर १६ हवेत. तू १५ लावले होतेस, अंदाजाने का होईना, संख्या बरोबर होती. त्याच्या वरच्या फ्रिक्वेन्सीला बोर्डावरचं काही पोचतच नाही, पॅकेजचा इंडक्टन्स मध्ये आडवा येतो. तिथे चिपच्या पोटातला कपॅसिटन्सच काय ते करतो, आपल्या हातात नाही.

एक कोॲक्सचं पॅड बोर्डावरच ठेव, यू.एफएल कनेक्टर, एफपीजीएच्या पायाशी. पुढच्या वेळी पॅड उपटायला नको.

---

गजर_५५५ · बुधवार, सकाळी १०:०५

सगळं वाचलं, दोनदा. एक व्यावहारिक शंका: माझ्या ड्रॉवरमध्ये १०४ ची साडेतीन पाकिटं आहेत. त्यांचं काय करू?

---

अर्थिंग_काका · बुधवार, सकाळी १०:११

ऑप-अँपला लाव. आणि सोल्डरला विचार, त्याच्याकडे आणखी १५ निघालेत.